गोड्या मसाल्याचं गाव

आमच्या वहिनींना एक खोड आहे. हाताला लागेल त्या वस्तूला त्या गाव चिकटवतात. तांदूळ भोरचा, गूळ कोल्हापूरचा, गोडा मसाला थेट गुहागरचा. पंगतीत पदार्थाआधी त्याचा पत्ता पानात पडतो. "आमटी घ्या, मसाला गावाकडचा आहे हो!" असं म्हटलं की पुण्याच्या बायका डोळे मिटून भुरका मारतात आणि म्हणतात, "तरीच!"

तरीच काय, कपाळ! तो मसाला इथे काशीतच, दोन गल्ल्या पलीकडे सीता कुटते. सीता पक्की बनारसी, आमच्या सासूबाईंच्या हाताखाली शिकलेली. धने, तीळ, दगडफूल सगळं विश्वेश्वरगंजच्या बाजारातून आणते, भाजते, कुटते आणि मागच्या दाराने डबा ठेवून जाते. मागच्याच दाराने, कारण पुढे यात्रेकरू असतात. तांदूळ चंदौलीकडचा आदमचिनी, वास असा की आंबेमोहोराने हात जोडावेत. गूळ इकडच्याच उसाचा. गुहागरहून खरोखर येतं ते एकच, आमसूल, आणि तेही वहिनींच्या भाचीला आठवण राहिली तर.

वहिनी म्हणजे शरदिनी, माझ्या मोठ्या दिरांची बायको. मी वैदेही, धाकटी जाऊ. दोघींचेही यजमान आता नाहीत. मी रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर उभा जन्म काढला, त्यामुळे माझा आवाज काचेपलीकडे जाईल असाच आहे आणि लांबण लावणाऱ्या माणसाचा मला राग येतो. वहिनी दुर्गाघाटच्या गल्लीत, इथल्या मराठी समाजाच्या न्यासाच्या इमारतीच्या तळमजल्यावर भोजनघर चालवतात. महाराष्ट्रातली मंडळी पंचगंगा घाटावर स्नान, श्राद्ध वगैरे आटोपून धापा टाकत पायऱ्या चढून येतात आणि वहिनी त्यांना वरणभात वाढतात. आमचं घराणं काशीत कधी आलं हे भाऊजींनाही नीट सांगता यायचं नाही. पण वहिनींना कोणी विचारलं, "मूळच्या कुठच्या?" तर उत्तर तयार असतं, "गुहागरच्या. इथे आपलं तात्पुरतं!" किती पिढ्यांचं तात्पुरतं, देव जाणे.

तर या वर्षी न्यासाच्या अध्यक्षपदी रत्नाकरराव आले. बँकेतून निवृत्त झालेला, सरळ आणि जरा रुक्ष माणूस. त्यांच्याकडे एक हॉटेल कंपनी आली. तळमजल्यावर कॅफे आणि वरती खोल्या काढायच्या होत्या त्यांना. सोबत गुळगुळीत कागदावर छापलेला अहवाल, की आम्ही आलो तर पाहुण्याच्या एका रुपयाचे शहरात साडेतीन रुपये होतील. न्यासाच्या मूळ कागदात अट एकच आहे, जागा काशीक्षेत्राच्या उपयोगी पडावी. रत्नाकरराव वहिनींना म्हणाले, "शरदिनीबाई, मला तुमची आमटी आवडते. पण उद्या कोणी विचारलं की हॉटेलला नाही का म्हटलं, तर 'आमटी चांगली होती' असं मी सांगू शकत नाही. तुम्हीही काही मोजमाप आणा."

वहिनींचं तोंड एवढंसं झालं. ते भोजनघर गेलं तर त्या काय करतील हे मला कळेना. दुपारी त्या कधी आडव्या होत नाहीत, सिरियल बघत नाहीत, देवळात फार वेळ बसत नाहीत. त्यांना वाढता येतं, बस्स.

मदतीला धावून आला केयूर. हा नागपूरचा, विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायला नुकताच आलेला आणि आमच्याकडे जेवायला असलेला. "काकू, टेन्शन नका घेऊ ना," तो पानावरूनच म्हणाला. "हे तर माझंच काम आहे. मी करून देतो तुमचा अभ्यास."

"कसला अभ्यास रे?" मी विचारलं.

"एक तक्ता असतो, वैदेहीकाकू. आडव्या ओळींत विकणारे, उभ्या रकान्यांत घेणारे. कोण कोणाकडून किती घेतं, ते सगळं त्यात भरायचं. मग बघायचं की यात्रेकरूचा रुपया या दारात आला, तर पुढे कोणाकोणाच्या घरी जातो. भाजीवाल्याकडे गेला, भाजीवाल्याने बियाणंवाल्याला दिला, बियाणंवाल्याने मुलीला फ्रॉक घेतला. असा फिरतो तो. पण प्रत्येक वळणावर त्यातला काही भाग शहराबाहेर जातो. गेला की आपल्या हिशेबातून संपला."

"म्हणजे कळशीला भोक," मी म्हटलं.

"अगदी! गळतीच म्हणतो आम्ही त्याला."

"आमच्या कळशीला भोक नाही हो," वहिनी ठसक्यात म्हणाल्या आणि त्याच्या पानात आणखी एक पोळी टाकली.

"आणि ते साडेतीन रुपये?" मी विचारलं.

केयूर हसला. "त्यांनी अख्ख्या देशाचा तक्ता लावलाय. फरशी राजस्थानची, मॅनेजर दिल्लीचा, नफा दिल्लीला, तरी सगळं शहरातच राहिलं असं धरलंय. एवढ्या मोठ्या कळशीला भोक दिसतं कशाला! मी दोघांनाही काशीपुरता तक्ता लावीन. माणसं तर दोन्हीकडे येणारच. प्रश्न एवढाच, की रुपया गावात कुठे जास्त फिरतो."

मला वाटलं, सुटलो. मसाला इथला, तांदूळ इथला, गूळ इथला. हॉटेल काय टिकतंय आमच्यापुढे!

दुसऱ्या दिवशी केयूर प्रश्न विचारायला आला. वहिनी ठेवणीतली साडी नेसून पाटावर बसल्या, जणू मुलगा सांगूनच आला होता. मी दाराशी शेंगा निवडत होते.

"तांदूळ कुठून येतो, काकू?"

"भोरचा. आंबेमोहोर."

माझ्या हातातली शेंग गळून पडली. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ती गुपचूप उचलली.

"मसाला?"

"गुहागर."

"गूळ?"

"कोल्हापूर. दुसरा चालतच नाही आम्हाला."

"पापड?"

इथे त्या जरा अडल्या. मग केयूरकडे बघून त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "नागपूरचे!"

"काय सांगता, काकू!" केयूर हरखून गेला.

दुधाची मात्र पंचाईत झाली, कारण यादवांची गाय बाहेर गल्लीतच हंबरत होती. "दूध इथलंच," वहिनी नाइलाजाने म्हणाल्या. "पण गाय खिल्लार आहे हो!"

मला हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबला. मोठ्या जावेच्या स्वयंपाकघरात धाकटीने तोंड घालायचं नाही ही आमच्याकडची जुनी रीत, आणि वहिनींची ही रेकॉर्ड तर रोजचीच. यात्रेकरूंना सांगतात तसं त्याला सांगताहेत, एवढंच मला वाटलं. केयूरने शेवटी विचारलं, "आणि सगळा खर्च वजा जाता जे उरतं, ते?"

"ते गावाकडच्या घराला जातं," वहिनी म्हणाल्या. "मोठं घर आहे ना आमचं गुहागरला. डागडुजी सतत चालू असते. आम्ही काय, इथे चार दिवसांचे."

तिथे मात्र माझं हसू पळालं. गुहागरला आमचं घर नाही. भाऊजींच्या आजोबांनीच ते विकलं. वहिनी एकदा तिकडे लग्नाला गेल्या होत्या, तेव्हा लॉजवर उतरल्या. त्या जागेवर आता कोणाचा तरी कोंबड्यांचा शेड आहे म्हणतात. मी हे जाणते, वहिनी जाणतात, पण हा विषय आम्ही एकमेकींतही काढत नाही.

आठवड्याने केयूर आला. ताटावर बसला खरा, पण घास घेईना.

"काकू, रुपयामागे पंचवीस पैसे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या भोजनघरात आलेल्या रुपयाने काशीत फक्त पंचवीस पैशांची उलाढाल होते. तुमचा माल सगळा बाहेरचा, उरलेलं तेही बाहेर जातं. तुम्ही काशीत फक्त शिजवता. हॉटेलचे साडेतीन नाहीतच, मी मोजले तर सत्तर पैसे आले. पण पंचविसापेक्षा सत्तर जास्तच ना!"

आणि वहिनी हसल्या हो! "बघ वैदेही, आपलं सगळं शुद्ध आहे असं विद्यापीठाने लिहून दिलं."

"वहिनी," मी म्हटलं, "जागा जातेय."

हसू हळूहळू मावळलं. केयूर खाली मान घालून म्हणाला, "काही राहिलं असेल, चुकून वेगळं सांगितलं असेल, तर सांगा. मी बदलतो. पण ज्यांची खरेदी त्यांनीच सांगायला हवं. माझ्या मनाने मी एक आकडा हलवणार नाही." वहिनींनी त्याचं भरलेलं ताट उचललं. तो हात धुऊन गेला.

तो गेल्यावर मी तोफ डागली. "नाकाने कांदे सोलून झाले ना? आता सांगा त्याला खरं! नाहीतर मी सांगते."

"खबरदार! झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकायला हात तरी राहायला हवा! भोजनघर गेल्यावर कोणाला सांगणार आहात गुहागरच्या गोष्टी? मला?"

तेव्हा वहिनी एकदम उसळल्या. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "तांदूळ चंदौलीचा, गूळ इकडचा, मसाला सीताचा, असं सांगितलं तर माझ्या पंगतीत महाराष्ट्र राहिला कुठे? लोक काय म्हणतील, कुठली कोण बनारसी बाई, मराठीचं सोंग करून खानावळ चालवते! आणि सीताने कुटला तो काय गोडा मसाला? नुसता कुटलेला मसाला तो!"

मागचं दार उघडंच होतं. दारात सीता डबा घेऊन उभी होती. जन्म आमच्या घरात गेलेला, तिला मराठी काय कळत नाही!

"हम सब समझीला, बहूजी," ती एवढंच म्हणाली. डबा उंबऱ्यावर ठेवला आणि गेली.

मग ती आलीच नाही. डबा संपला. वहिनींनी स्वतः मसाला भाजायला घेतला आणि दगडफूल असं जाळलं की गल्लीतले लोक विचारायला आले, काय पेटलं म्हणून. त्या मसाल्याची आमटी कडू झाली. पंगतीत कोणी "तरीच" म्हटलं नाही. एका आजोबांनी फार सभ्यपणे ताक मागितलं आणि वाटीतली आमटी तशीच बाजूला सारली. वहिनी ती वाटी घेऊन आत आल्या आणि बराच वेळ हातात धरून उभ्या राहिल्या. मला टोमणा मारायची फार चांगली संधी होती, पण जीभ उचलेना. फार वाईट वाटलं मला त्यांचं.

जागेचा निर्णय करायला न्यासाने सभा बोलावली होती, त्या दिवशी सकाळी वहिनी म्हणाल्या, "चल." कुठे ते सांगितलं नाही. दोन गल्ल्या पार करून सीताच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. आता वहिनींना क्षमा मागायची सवय नाही. त्या नुसत्या उभ्या. सीता तांदूळ निवडत होती, तिनेही मान वर केली नाही.

"सभा आहे," शेवटी वहिनी म्हणाल्या. "चल."

"हम का करब सभा में?"

"माझ्याजवळ बसशील."

सीताने सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि निघाली. वहिनींनी तिला न्यासाच्या पुढच्या दाराने आत नेलं, तेही हाताला धरून. पायऱ्यांवर बसलेले यात्रेकरू बघत राहिले.

वरच्या दालनात रत्नाकरराव, बाकीचे विश्वस्त, समाजातली दहापाच माणसं आणि हॉटेलकडून कोट घातलेला एक गृहस्थ होता. केयूरने भिंतीवर तक्ता दाखवला. आधी त्याने हॉटेलचे साडेतीनचे सत्तर पैसे करून दाखवले, तेव्हा कोटवाले खुर्चीत चुळबुळले. मग आमचे पंचवीस पैसे आले, आणि ते परत नीट बसले. रत्नाकररावांनी चष्मा काढला. ते काय बोलणार ते सगळ्यांना कळलं होतं.

वहिनी उभ्या राहिल्या.

"केयूर, तांदूळ भोरचा नाही. चंदौलीचा आहे."

समाजातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"गूळ कोल्हापूरचा नाही, इकडचाच आहे. पापड इथल्याच ठठेरी बाजारातले. गाय खिल्लार नाही." इथे कोणीतरी फिस्सकन हसलं. वहिनींचे कान लाल झाले, पण त्या थांबल्या नाहीत. "आणि मसाला गुहागरचा नाही. ही सीता. मसाला ही करते. सासूबाई गेल्यापासून हीच करतेय. मला येत नाही तो. परवा केला तर जाळला."

सीता पदराच्या टोकाशी चाळा करत खाली बघत होती. केयूरची बोटं लॅपटॉपवर पळत होती. मी मनातल्या मनात दत्ताला साकडं घातलं.

"पासष्ट," तो म्हणाला.

"सत्तरपेक्षा कमीच," कोटवाले लगेच म्हणाले.

रत्नाकररावांनी मान हलवली. "शरदिनीबाई, तुम्ही खरं सांगितलंत, त्याला हिंमत लागते. पण तरीही..."

केयूर तक्त्याकडे डोळे फाडून बघत होता. अडलं कुठे ते त्याच्यासमोरच होतं. सगळ्यात मोठी गळती एकाच ओळीत होती, भोजनघर चालवणाऱ्यांचं घर. ते त्याने गुहागरला धरलं होतं, कारण वहिनींनीच तसं सांगितलं होतं. आणि तो पठ्ठ्या बोलल्याप्रमाणे स्वतःहून आकडा हलवणार नव्हता. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. रेल्वेची खिडकी असती तर मी ओरडले असते. पण हे माझं सांगायचं नव्हतं. मसाल्याचं गाव बदलणं वेगळं आणि हे वेगळं. मी पदराची गाठ मारत आणि सोडत बसले. वहिनी खाली बसल्या होत्या. मग पुन्हा उठल्या.

"अजून एक राहिलं," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की रत्नाकरराव पुढे झुकले. "गुहागरला आमचं घर नाही."

केयूर तक्त्याकडून वहिनींकडे वळला.

"विकलं कधीचं. आम्ही पाहिलंसुद्धा नाही. तिकडे काही जात नाही."

"मग जे उरतं ते जातं कुठे?" रत्नाकररावांनी विचारलं. बँकेतला माणूस तो, त्याला तोच प्रश्न सुचणार.

"कुठे जाणार? इथेच. माझ्या औषधांना. हिच्या चष्म्याला." हिच्या म्हणजे माझ्या. "सीताच्या सुनेच्या बाळंतपणाला. छप्पर गळतं त्याला. आणि..." त्या घुटमळल्या. "आणि रोज सकाळी चौकातल्या जिलबीला."

"वहिनी! तुम्हाला साखर आहे!" मी भर सभेत किंचाळले.

सगळं दालन हसलं. वहिनीही हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. केयूरने विचारलं, "मग काकू, घर कुठे लिहू?"

"दुर्गाघाट," वहिनी म्हणाल्या. "दुर्गाघाट लिही."

त्याने लिहिलं. आकडा रुपयाच्या वर गेला, एक रुपया वीस पैसे. केयूरने दोनदा तपासला आणि मग आमच्याकडे बघून असा हसला, की मला त्याची दृष्टच काढावीशी वाटली. रत्नाकररावांनी चष्मा परत चढवला, कोटवाल्यांचा अहवाल मिटून त्यांच्या हातात दिला आणि आभार मानले. जागा आमच्याकडे राहिली.

खाली पंगत खोळंबली होती, म्हणून आम्ही तिघी भराभर जिना उतरलो. मधल्या वळणावर वहिनी थांबल्या आणि कठडा धरून मला विचारलं, "वैदेही, ते घर असतं, तर गेले असते का गं मी?"

मी थट्टा करणार होते, पण केली नाही. "नाही, वहिनी," मी म्हटलं. "नसतात गेल्या."

त्यांनी कठड्यावरचा हात सोडला. मग सीताने त्यांचं कोपर धरलं आणि म्हणाली, "चला बहूजी, लोग भूखे बइठल हउवन." आणि आम्ही वाढायला गेलो.